इतिहासाचा मेळावा: प्रत्यक्ष जाऊन काय गाठायचं, रेकॉर्डिंगमध्ये काय बघायचं

एका मेळाव्यातली गोष्ट. वक्ते एका घराण्याच्या दफ्तरातलं पत्र पडद्यावर दाखवत होते. मिती होती पौष वद्य पंचमी, शके १६८२. शकात ७८ मिळवले की सहसा इसवी सन येतो, म्हणून त्यांनी १७६० सांगितलं आणि पुढे म्हणाले, "पानिपतच्या लढाईच्या तोंडावर इकडे कसं निवांत चाललंय बघा, बैलजोडीच्या देण्याघेण्यावरून पत्रापत्री!" सभागृह हसलं. मध्यंतरात मागच्या रांगेतले एक आजोबा त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, पानिपत झालं ती मिती कोणती हो?"

"पौष शुद्ध अष्टमी."

"आणि शक?"

वक्ते बोलता बोलता थांबले. शक तोच, १६८२. म्हणजे पत्र लढाईच्या आधीचं नव्हतंच, लढाईनंतर साधारण बारा दिवसांनी लिहिलेलं होतं. निवांतपणा कसला, बातमीच पोचली नव्हती! पत्राचा सगळा अर्थच फिरला. मी शेजारी उभा होतो म्हणून हे ऐकलं. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही नाही. तिथे आजही १७६० आहे आणि हशाही आहे. मेळाव्याला न आलेल्या माझ्या एका मित्राने ते रेकॉर्डिंग बघून आपल्या लेखात '१७६०' असं ठोकून दिलंसुद्धा.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जे रेकॉर्ड होणार आहे त्याच्यासाठी मेळाव्याला जायचं नाही, आणि जे रेकॉर्डिंगमध्ये आहे ते झालेल्या चर्चेसकट आहे असं समजायचं नाही. पुढचं सगळं या एका नियमाभोवती आहे.

जाण्याआधी: कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिल फिरवा

पत्रिका हातात आली की आयोजकांना पहिला प्रश्न विचारायचा: कोणती सत्रं रेकॉर्ड होणार आहेत? बहुतेक ठिकाणी मुख्य सभागृहातली भाषणं होतात. कार्यशाळा, छोट्या खोलीतल्या चर्चा, प्रदर्शनातलं मार्गदर्शन हे होत नाही. हे कळलं की निवड सोपी होते. एकाच वेळी दोन सत्रं असतील तर रेकॉर्ड न होणाऱ्या सत्राला बसायचं. मोठ्या नावाचं भाषण चुकलं म्हणून हळहळायचं कारण नाही, ते घरी शांतपणे, थांबवत थांबवत बघता येतं. मोडी या जुन्या मराठी कागदांच्या लिपीच्या वाचन-कार्यशाळेत शेजारी बसून "हा 'स' नाही, 'ल' आहे, वळण बघा" असं कोणी बोट ठेवून दाखवतं, ते पडद्यावर मिळत नाही.

अपवाद एकच. ज्या वक्त्याला तुम्हाला खरोखर काही विचारायचं आहे, त्याच्या सत्राला रेकॉर्डिंग असो-नसो, जायचंच.

आता प्रश्नाबद्दल. घरून निघताना एक प्रश्न सोबत हवा, आणि तो लहान हवा. "मराठ्यांचं आरमार कसं होतं?" याला उत्तर देणारा माणूस तुम्हाला दहा मिनिटं सर्वसाधारण माहिती देईल आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत याल. "गलबत बांधायला लाकूड कुठून येई, याच्या नोंदी कोणत्या प्रकारच्या कागदात सापडतात?" असं विचारलंत तर तो थांबेल, विचार करेल, आणि बहुतेक वेळा आणखी एका माणसाचं नाव सांगेल. ते नाव हीच त्या दिवसाची कमाई. विषय नवीन असेल तर वक्त्याचा एखादा लेख आधी वाचून जा. सगळं वाचायची गरज नाही, तळटिपा मात्र वाचा. माणूस कुठल्या कागदांवर उभा आहे ते तिथे दिसतं.

पिशवीत काय

वही, दोन पेन्सिली, दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि एक छोटी पट्टी. पेन्सिल यासाठी की जिथे जुने कागद मांडलेले असतात तिथे शाईचं पेन काढलेलं कोणालाच आवडत नाही. अभिलेखागारांतही सहसा पेन्सिलच चालते. पट्टी फोटोसाठी: परवानगी घेऊन नाण्याचा किंवा मुद्रेचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवली की आकार कळतो. नाहीतर महिन्याभराने तोच फोटो बघून नाणं मोठं होतं की शिवराईएवढं (शिवकाळापासूनचं छोटं तांब्याचं नाणं), हे आठवत बसावं लागतं. फ्लॅश बंद.

हाताळायला मिळालं तर नाणं कडेने धरायचं, दोन्ही बाजूंच्या छापावर बोट नको. जुन्या कागदाला हातमोजे लागतात हा समज सिनेमातून आलेला असावा. कागदासाठी हात स्वच्छ धुऊन कोरडे केले की पुरे. मोजे घातले की स्पर्श बोथट होतो आणि पान फाटायची भीतीच वाढते. छायाचित्रं आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे घालतात, कारण बोटांच्या तेलाचे डाग तिथे कायमचे राहतात.

सभागृहात: घड्याळ लिहून ठेवा

टिपणं काढायच्या पद्धती पुष्कळ आहेत, मला उपयोगी पडली ती अगदी साधी. पानाच्या डाव्या बाजूला दोन बोटांची जागा सोडायची. भाषण सुरू झालं की पानाच्या माथ्यावर घड्याळातली वेळ लिहायची, समजा ११.१०. पुढे महत्त्वाचं काही आलं की डावीकडे त्या क्षणाची वेळ टाकायची. ११.३४ ला वक्त्यांनी एका सनदेचा उल्लेख केला असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये तो साधारण चोविसाव्या मिनिटाच्या आसपास सापडतो. प्रास्ताविक, सत्कार वगैरे कापलं असेल तर दोन-चार मिनिटं मागेपुढे होतात, पण तास-दीड तासाचं भाषण पुन्हा चाळत बसावं लागत नाही.

उजव्या बाजूच्या मजकुरात मी तीन खुणा करतो. 'का' म्हणजे कागद म्हणतो, 'व' म्हणजे वक्ता म्हणतो, 'लो' म्हणजे लोक म्हणतात. "या सालच्या ताळेबंदात अमुक घोड्यांचा खर्च आहे" हे 'का'. "यावरून फौज वाढवली होती असं दिसतं" हे 'व'. "गावात अशी आख्यायिका आहे" हे 'लो'. चांगला वक्ता हे तिन्ही आवाज वेगळे ठेवतो. रंगात आलेला वक्ता एका वाक्यात तिन्ही मिसळतो आणि आपण टाळ्या वाजवतो. घरी येऊन वही उघडलीत आणि पानभर 'व' आणि 'लो' दिसले, 'का' एकच दिसला, तर भाषणाबद्दल काय समजायचं ते समजतं.

पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचा फोटो काढायचा मोह आवरा. ज्या चित्राखाली दफ्तराचं नाव, रुमाल (म्हणजे कागदांचं बांधलेलं गाठोडं) क्रमांक किंवा पुस्तकाचं पान दिलंय, तेवढ्याचाच काढा.

प्रश्न विचारताना

माइक हातात येईपर्यंत बोलू नका. ही शिष्टाचाराची बाब आहेच, शिवाय माइकशिवाय विचारलेला प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही आणि बघणाऱ्याला उत्तर हवेतून आल्यासारखं वाटतं. तीन वाक्यांत आटपा: तुम्ही काय म्हणालात, मला काय अडलं, त्याचा आधार कोणता. उभं राहून स्वतःचं भाषण ठोकणारा एक तरी प्रत्येक मेळाव्यात निघतो. तो आपण नसलो म्हणजे मिळवली.

चूक सापडली असेल तर? सभेत सांगायची की एकट्याने? तपशिलाची चूक असेल तर मी आजोबांचा रस्ता धरतो, मध्यंतरात आणि प्रश्नाच्या रूपात. पण त्या दिवशीचा धडा असा की पुढच्या सत्राच्या सुरुवातीला वक्त्यांनी किंवा सूत्रसंचालकांनी ती दुरुस्ती माइकवरून सांगावी, एवढी विनंती करायची. निम्मे जण आनंदाने सांगतात.

मध्यंतर हेच खरं सत्र

ओळख काढायला फार कसरत लागत नाही. "तुम्ही कोणत्या काळावर काम करता?" एवढं विचारलं की समोरचा सुटतो. कोणाचा जीव लेण्यांत, कोणाचा तोफांच्या मापांत, कोणी नुसत्या वीरगळांचे (वीरांच्या स्मारकशिळांचे) फोटो जमवत हिंडत असतो. अशा एकेकाच विषयात बुडालेल्या माणसांकडे छापील पुस्तकात नसलेलं बरंच असतं.

कधी कोणी सांगतं, "आमच्या घरात जुने कागद आहेत, कोणाला वाचता येत नाहीत." लगेच "मला द्या" म्हणायचं नाही. मालकाचा विश्वास एकदाच मिळतो. आधी बघायला मागा, त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर. आणि एक गोष्ट आठवणीने सांगा: कागद लॅमिनेट करू नका. लोक प्रेमापोटी करतात, पण प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागदाला इजा न करता निघत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवणं आणि कागद कोरड्या जागी सपाट ठेवणं इतकं सध्या पुरे.

बोलणं मोबाइलवर टिपायचं असेल तर विचारून. खिशातला फोन गुपचूप चालू ठेवणारे असतात. एकदा कळलं की पुढच्या मेळाव्यात त्यांच्याजवळ कोणी मोकळं बोलत नाही.

घराण्यांचा, जातीचा, देवस्थानाच्या मानाचा विषय निघाला की आवाज चढतात. तिथे "कागद कोणता?" असा साधा प्रश्न टाकून बघा. उत्तरादाखल कागदाऐवजी आणखी मोठा आवाज आला, तर प्रदर्शनाच्या दालनाकडे वळावं.

त्याच रात्री

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत वेगाने विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत. म्हणून झोपण्यापूर्वी अर्धा तास वही उघडायची. अर्धवट शब्द पुरे करायचे, भेटलेल्या माणसांच्या नावांपुढे त्यांचा विषय लिहायचा, आणि रेकॉर्डिंग आल्यावर पुन्हा बघायच्या जागांची यादी करायची. दुसऱ्या दिवशी हेच करायला बसलं की 'स.द. १७?? बघणे' अशा स्वतःच्याच अक्षरातल्या शिलालेखाशी झुंजावं लागतं.

रेकॉर्डिंग बघायला बसताना

आधी व्हिडिओ पूर्ण आहे की तुकडा ते बघा. दोन मिनिटांच्या तुकड्यात वक्त्याचं "असं काही जण म्हणतात, पण ते चूक आहे" यातलं पहिलंच अर्धं वाक्य असू शकतं. भाषण कधी झालं ती तारीखही शोधा. चढवल्याची तारीख वेगळी असते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या भाषणानंतर नवे कागद उजेडात आलेले असू शकतात.

पहिल्या वेळी मी सव्वापट वेगाने, वही न घेता बघतो. भाषणाचा सांगाडा कळावा इतकंच. दुसऱ्या वेळी नेहमीच्या वेगाने, वही घेऊन, आणि फक्त निवडलेल्या जागा. यूट्यूबवर संगणकाच्या कीबोर्डवरचं 'के' दाबलं की व्हिडिओ थांबतो, 'जे' दहा सेकंद मागे नेतं, 'एल' दहा सेकंद पुढे. थांबवलेल्या व्हिडिओत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं एकेक चौकट मागेपुढे सरकवतात. पडद्यावर क्षणभर झळकलेला कागद वाचायला याहून चांगली सोय नाही. मोबाइलवर पडद्याच्या कडेला दोनदा टिचकी मारली की तेच दहा सेकंद मागेपुढे. व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवर मात्र विसंबू नका. माणसांची, गावांची नावं आणि जुने शब्द यांत ते हमखास घसरतात.

आणि मग तारखा. रेकॉर्डिंग बघताना सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा असं माझं मत आहे, कारण बोलताना सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत. जानेवारी लागला की इसवी सन बदलतो, शक मात्र फाल्गुनाअखेरपर्यंत तोच राहतो, म्हणून तिथे ७९. पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो आणि तिथेच माणसं पडतात. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणजे १६८२ अधिक ७९.

मराठी कागदांत शुहूर सन ही आणखी एक कालगणना येते, तीही बऱ्याचदा अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर ६००. पानिपतसाठी करून बघा: ११६१ अधिक ६००, पुन्हा १७६१. हिजरी सनाला मात्र अशी ठरावीक बेरीज लावता येत नाही. ते चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. तिथे जंत्रीच, म्हणजे तारखांची तयार कोष्टकंच, उघडावी लागतात.

तिसरा खड्डा युरोपीय कागदांचा. पोप तेरावा ग्रेगरी याच्या सुधारणेने ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगीजांनी ते लगेच स्वीकारलं. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर चालवलं. म्हणजे सतराव्या शतकात एकाच दिवशी इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी पत्रं लिहिली तर तारखांत दहा दिवसांचा फरक. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, नव्या गणनेने तो दिवस १६ जून. त्यात इंग्रजांचं कायदेशीर नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे. त्यामुळे १० फेब्रुवारी १६७३ अशी तारीख टाकलेलं इंग्रजी पत्र आपल्या हिशोबाने १६७४ चं असू शकतं. एखादा वक्ता "पत्र आधीचं, घटना नंतरची" असं म्हणाला की मी व्हिडिओ थांबवतो आणि तारीख कोणत्या कॅलेंडरची ते आधी बघतो.

"बखरीत आहे" हे वाक्य आलं तरी थांबा. बखर कोणती? शिवाजी महाराजांचं निधन १६८० चं. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे लिहिणाऱ्याने तो काळ पाहिलेला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्हींना 'बखर' म्हणतात, पण मधे शंभराहून जास्त वर्षं आहेत. वक्त्याने नाव घेतलं नसेल तर तो उल्लेख 'लो' च्या रांगेत टाकायला हरकत नाही.

आणि कागद 'अस्सल' म्हटला म्हणजे अस्सल झाला असंही नाही. १९८३ मध्ये एका मोठ्या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या तथाकथित रोजनिशा छापायला घेतल्या. तपासणीत कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं उजळपणाचं रसायन सापडलं आणि प्रकरण काही दिवसांत कोसळलं. भल्याभल्यांनी आधी ग्वाही दिली होती.

चौघांत बघणं

एकट्याने बघताना डुलकी लागते, ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. चार-पाच जण जमवा. दर वीस मिनिटांनी थांबवायचं आणि प्रत्येकाने एकच सांगायचं: या वीस मिनिटांतलं कोणतं विधान तपासून बघावंसं वाटलं. भाषण आवडलं की नाही यावर बोलायची बंदी. तपासायची विधानं वाटून घ्यायची आणि पुढच्या भेटीत कोणी काय शोधलं ते आणायचं. जुनी गॅझेटियरं आणि स्वामित्वहक्क संपलेली पुष्कळ पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतात, त्यामुळे "ग्रंथालय लांब आहे" ही सबब आता चालत नाही.

कुठे लिहिताना रेकॉर्डिंगचा हवाला द्यायचा असेल तर वक्त्याचं नाव, विषय, भाषणाची तारीख, जागा आणि मिनिट-सेकंद हे सगळं द्या. "एका व्याख्यानात ऐकलं" हा हवाला नव्हे. शक्य असेल तिथे वक्त्याने दाखवलेल्या मूळ कागदापर्यंत जाऊन त्याचाच हवाला द्या.

व्हिडिओ कधी काढले जातात, कधी खाजगी होतात. म्हणून दुव्यासोबत आपण तो कोणत्या तारखेला पाहिला ते लिहायचं आणि महत्त्वाचं वाक्य शब्दशः वहीत उतरवायचं.

त्या पौष महिन्याच्या पत्राचं सांगायचं तर मी वक्त्यांना मिनिट-सेकंद लिहून एक छोटं पत्र पाठवलं, आजोबांचा उल्लेख करून. आठवड्याभरात व्हिडिओखालच्या मजकुरात दुरुस्तीची ओळ आली. मित्राने लेखात १७६१ केलं, पण बैलजोडीवरचा विनोद त्याला काही काढवेना.